‘कोनी’खालची लाल रेघ

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. एकत्र काम करणाऱ्या माणसांमध्ये मैत्री आहे की नाही, हे त्यांना विचारून कळते का? आमच्या कंपनीला ते कळले, असे कंपनीचे म्हणणे आहे. त्याचा पुरावा म्हणून जेवणघराच्या भिंतीवर एक मोठा फलक लावलेला आहे. मी रोज त्या फलकाखाली डबा खाते. फलकावरचा मजकूर ज्या बाईचा आहे, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

तिचे नाव हिरूताई. नायगावच्या खाडीकाठी तिचे घर आणि थोडी भातशेती. वसई पूर्वेला आमचा कारखाना आहे; तिथे शाळेच्या कंपासपेट्या तयार होतात. तिथल्या पॅकिंग विभागात ती कंत्राटी कामगार होती. मी त्यापूर्वी नऊ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेतली नोकरी सुटली आणि या कारखान्यात प्रशिक्षण आणि नोंदी पाहण्याचे काम मिळाले. त्यामुळे कारखान्यात मला सगळे ‘बाई’ म्हणतात, आणि शिक्षकाची एक वाईट सवयही माझ्यासोबत तिथे आली. तिच्याविषयी पुढे सांगते.

हिरूताईची पहिली ओळख कानाने झाली. एका पेटीत नऊ वस्तू असतात: वर्तुळ काढायचा कंपास, कर्कटक, दोन गुण्ये, कोनमापक, पट्टी, पेन्सिल, खोडरबर आणि टोकयंत्र. भरलेली पेटी वजनकाट्यावर ठेवून तपासावी असा नियम होता. हिरूताई पेटी कानाजवळ नेऊन एकदाच हलवत असे आणि सांगत असे, “करकट नाय यात.” पेटी उघडली की कर्कटक खरोखर नसे. मी पद्धतशीर माणूस आहे, म्हणून दहा पेट्यांमधून मुद्दाम वेगवेगळ्या वस्तू काढून तिची परीक्षा घेतली. फक्त खोडरबराच्या बाबतीत ती एकदा चुकली. “रबर काय बोलतच नाय तं मी काय करू,” असे म्हणून तिने चूक खोडरबराच्या माथी मारली. काटा मात्र पेटीत दोन पेन्सिली आणि कर्कटक नाही, असे असले तरी पेटी पास करत असे. काट्याला केवळ वजन कळते.

तिला खुर्ची चालत नसे. उपड्या क्रेटवर बसून ती काम करी. तिच्या डब्यात बहुतेक दिवशी सुकट असे. जेवणघरात मासळीच्या वासाबद्दल सूचना लागली, तेव्हा ती डबा घेऊन बाहेर लोखंडी जिन्याखाली जाऊन बसली. चार दिवसांत पॅकिंग विभागातल्या सगळ्या बायका जिन्याखाली जेवू लागल्या. त्यांतल्या निम्म्या माळकरी घरांतल्या होत्या. सूचना कोणी काढली नाही. ती रिकाम्या जेवणघरात लटकत राहिली.

चौथीपर्यंत शिकलेल्या हिरूताईला वाचता येत होते, पण लिहिण्याची सवय मोडली होती. जेवणाच्या सुटीत मी तिला पुन्हा लिहायला शिकवू लागले. अक्षर गोल आणि मोठे, ओळीला बिलगून चालणारे. अडचण एकच होती. तिच्या गावाच्या बोलीत ‘ण’ नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. मी ‘पाणी’ हा शब्द दहा वेळा लिहायला दिला. तिने दहाही वेळा ‘पानी’ लिहिले आणि वही पुढे केली.

“आमच्या नलाला पानीच येतं, बाई,” ती म्हणाली. “तुमच्या एव्हरशाईनच्या बिल्डिंगीत पाणी येत असल.”

जिन्याखालच्या बायका कितीतरी वेळ हसत होत्या. मीही हसले, पण लाल पेन्सिलीने दहा रेघा ओढल्याच. हीच ती सवय.

आणखी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एकदा कोनमापक हातात धरून तिने मला त्याचा उपयोग विचारला. मी समजावून सांगितले की एका टोकातून निघालेल्या दोन रेषा एकमेकींपासून किती फाकल्या आहेत, ते याने मोजतात. त्या फाकण्याला कोन म्हणतात. तिने ते पारदर्शक अर्धवर्तुळ डोळ्यासमोर धरले आणि त्यातून समोर बसलेल्या बायकांकडे पाहिले.

“म्हंजे यो कोन मोजतो,” ती म्हणाली. “पन कोन कोनाचा, ते नाय मोजत.”

तिच्या बोलीत भूमितीतला ‘कोन’ आणि माणसाबद्दल विचारायचा ‘कोण’ हे एकाच शब्दात बसतात, हे मला तेव्हा गमतीचे वाटले. मी ते वहीत टिपूनही ठेवले.

पॅकिंग विभागाच्या नोंदी पाहताना मला काही महिन्यांनी एक विचित्र गोष्ट आढळली. प्रत्येकीने रोज किती पेट्या भरल्या याचा तक्ता माझ्याकडे येत असे. माणसे आहेत म्हणजे एखादी एखाद्या दिवशी मागे पडणारच. पण इथे कोणीच मागे पडत नव्हते. तापाने फणफणलेली बाईसुद्धा नाही. मी हिरूताईला विचारले. तिने मनगट पुढे केले. पेट्यांच्या गठ्ठ्याला लावायचे दोन रबर बांगड्यांच्या मागे चढवलेले होते.

पद्धत अशी होती. ज्या दिवशी एखादीला काम झेपणार नसेल, त्या दिवशी हिरूताई सकाळीच तिच्या नावाचा एक रबर मनगटात घाली. कोणासाठी, ते बोलायचे नाही. बायका डोळ्यांनी ओळखत. मग प्रत्येक जण आपल्या भरलेल्या पेट्यांतून काही पेट्या त्या बाईच्या क्रेटमध्ये सरकवी. संध्याकाळी तक्ता सरळ. विभागाचे एकूण काम तेवढेच होत असे, पेट्या चोख भरलेल्या असत. याला ती ‘सावड’ म्हणे. भातलावणीच्या दिवसांत गावातले सगळे हात आज एकीच्या शेतात आणि उद्या दुसरीच्या शेतात उतरतात, त्यातला हा शब्द. तिने तो शेतातून उचलून कारखान्यात आणला होता. पॅकिंगमधल्या साताऱ्याच्या मंदाला हा शब्द माहीत होता, उत्तरेकडून आलेल्या बायकांना नव्हता. महिन्याभरात त्याही ‘आज सावड किसकी’ म्हणू लागल्या.

मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. तक्ता मिटला आणि जागेवर ठेवला. माझ्या बाजूने नोंदवण्याजोगे एवढेच आहे.

त्यानंतर केतन सर आले. हे आमच्या मनुष्यबळ विभागाचे नवे प्रमुख. बोळिंजला राहणारे, सदैव हसरे, प्रत्येक वाक्यात एकदा ‘फॅमिली’ म्हणणारे. परदेशी खरेदीदार कारखाना पाहायला येणार होते आणि कामगार कंपनीशी मनाने किती जोडलेले आहेत, याचा अहवाल त्यांना हवा होता. त्यामुळे आमच्याकडे मैत्री सप्ताह साजरा झाला. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीने एकमेकींना फीत बांधायची, पुठ्ठ्याच्या चौकटीतून तोंडे बाहेर काढून फोटो काढायचा आणि केकचा तुकडा भरवायचा. वर्षानुवर्षे एका डब्यातून जेवलेल्या बायकांना तिथे ‘नवी मैत्रीण’ वाटून देण्यात आली. हिरूताईच्या वाट्याला स्वतः केतन सर आले. त्यांनी केक भरवला. तिने तो तोंडात धरून ठेवला आणि फोटो झाल्यावर जिन्याखाली जाऊन थुंकला. त्या दिवशी मला तिचे ते करणे असभ्य वाटले होते.

सप्ताहानंतर एक प्रश्नावली आली. मूळ इंग्रजीत होती. मराठी करण्याचे काम माझे. त्यातला एक प्रश्न मी असा लिहिला: ‘कामाच्या ठिकाणी आपला एखादा जिवलग मित्र आहे का?’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. पॅकिंग विभागातल्या सगळ्या बायकांनी त्यापुढे ‘नाही’ लिहिले. दोघींनी खाली जोडले होते की आम्ही तसल्या बायका नाही. मंदाने तर माझा हात धरून विचारले, “बाई, हा कागद घरी तर नाही ना पाठवणार?”

मित्र म्हणजे पुरुष. मी पुस्तकी अर्थाने शब्द वापरला आणि त्यांनी तो लोक वापरतात त्या अर्थाने वाचला. चूक माझी होती. केतन सरांनी मात्र त्या उत्तरांवरून पॅकिंगमध्ये ‘मैत्री शून्य’ असा निष्कर्ष काढलाही होता. मी खुलासा केला, तेव्हा ते हसले आणि नवी प्रश्नावली काढायला सांगितली. या वेळी मी ‘मैत्रीण’ लिहिले आणि त्यांच्या सूचनेवरून पुढे जोडले: ‘असल्यास एक खरा प्रसंग लिहा.’ वर ठळक अक्षरांत: ‘नाव लिहू नये. उत्तरे गुप्त राहतील.’ ते वाक्य मी विभागात उभी राहून वाचूनही दाखवले. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी ‘बाई’ होते.

बहुतेकींनी ‘हो, सगळ्याच मैत्रिणी’ असे लिहून सुटका करून घेतली. एका कागदावर गोल, मोठ्या अक्षरांत असे होते:

“आमच्यात एका बायचं पोटातलं पोर राह्यलं नाय. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. महिनाभर तिच्या पेट्या आम्ही भरल्या. कोनी काय बोलली नाय. ही सावड हाय. मैत्री याला म्हनत असतील तर हाय. आनि नसतील म्हनत तरी हाय.”

ती बाय कोण, हे मला माहीत होते. मंदा. कंत्राटी बाईला अशा वेळी रजा मिळत नाही आणि चार दिवस गैरहजर राहिली तर जागेवर दुसरी येते. म्हणून ती तिसऱ्या दिवशी आली होती. तिच्या सासरच्यांनाही ही गोष्ट सांगितलेली नव्हती.

मी तो मजकूर दोनदा वाचला. तिने पहिल्यांदाच सात वाक्ये सलग लिहिली होती, याचा मला आनंद झाला. आणि त्या आनंदात माझ्या हाताने लाल पेन्सिल उचलली. ‘हाय’, ‘नाय’ हे बोलीचे शब्द म्हणून तसेच ठेवले. ‘कोनी’, ‘म्हनत’, ‘आनि’ आणि पुन्हा ‘म्हनत’ यांखाली रेघा ओढून वर ण काढला. मग सगळे कागद लावून फाईल वरच्या मजल्यावर दिली.

केतन सरांनी मला दुसऱ्याच दिवशी बोलावले. त्यांनी आधी मजकुराचे कौतुक केले, डोळ्यांत पाणी आले म्हणाले. मग म्हणाले की याचा अर्थ महिनाभर एका कामगाराच्या नोंदी खोट्या होत्या, आणि हे खरेदीदारांना कळले तर गंभीर आहे. कोणी लिहिले, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, उत्तरे निनावी आहेत.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण बाई, बाकी कागदांवर तुम्ही एक रेघ मारलेली नाही. यावरच मारली आहे. आणि पॅकिंगमध्ये तुम्ही एकीलाच शिकवता.”

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. चार लाल रेघा. नावाची जागा कोरी होती आणि नाव मीच लिहून दिले होते.

हिरूताईला बोलावले, तेव्हा टिपणे घ्यायला मला बसवले. टेबलावर पाण्याचा पेला, बिस्किटे. केतन सर गोड आवाजात म्हणाले की घाबरू नका, आपण फॅमिली आहोत, फक्त ती बाई कोण एवढे सांगा. नाव सांगितले तर हिरूताईचे काम चालू राहील, असेही त्यांनी स्पष्ट केले.

हिरूताई म्हणाली, “कागदावर नाव लिवू नका बोललात, म्हनून नाय लिवलं. आता तोंडानं घेऊ?”

“तुमचा विषय इथेच संपेल, ताई.”

“आनि तिचा?”

केतन सरांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. एखाद्या बाईच्या रिकाम्या झालेल्या पोटाची चौकशी करताना बिस्किटे पुढे करणारा तो हात मला अजून दिसतो. नखे स्वच्छ कापलेली होती.

“मंग माझाच संपवा,” हिरूताई म्हणाली आणि उठली. उठताना तिची नजर माझ्यासमोरच्या कागदावर गेली. तिने तो उचलून डोळ्यांजवळ नेला, रेघा बोटाने मोजल्या.

“चारच चुका, बाई? मना वाटलेलं जास्ती असतील.”

आवाजात राग नव्हता.

त्याच दुपारी ती गेली. फाटकावर बाहेर पडणाऱ्यांची पिशवी तपासतात. पिशवीत रिकामा डबा आणि वही होती. पहारेकऱ्याने चाचरत तिच्या मनगटाकडे बोट केले. कारखान्यातली वस्तू बाहेर न्यायची नाही, असा नियम. तिने एकच रबर चढवलेला होता. तो काढून त्याच्या नोंदवहीवर ठेवला आणि म्हणाली की मोजून घ्या, एक हाय. जिन्याजवळ उभ्या असलेल्या बायकांपैकी कोणी पुढे झाली नाही. मीही खिडकीतून पाहत होते.

पुढच्या आठवड्यापासून प्रत्येकीच्या पेट्यांवर बारकोडची वेगळी पट्टी चिकटवून ती यंत्राने वाचू लागले. पेट्या सरकवणे बंद झाले. तक्त्यात चढउतार दिसू लागले, ज्याला केतन सर ‘खरे चित्र’ म्हणतात. त्या महिन्यात कर्कटक नसलेल्या पेट्या दुकानदारांकडून पहिल्यांदा परत आल्या. काट्याने त्या पास केल्या होत्या.

आणि मग खरेदीदार येण्याच्या आदल्या दिवशी जेवणघरात तो फलक लागला. वर ‘आमची फॅमिली’. मध्ये कुठल्याशा परदेशी कार्यालयात टाळ्या देणाऱ्या दोन मुलींचे चित्र. खाली मजकूर: ‘आमच्यातल्या एकीला बरे नव्हते. महिनाभर तिच्या पेट्या आम्ही भरल्या. कोणी काही बोलले नाही. मैत्री याला म्हणतात!’

पोटातले पोर गेले. सावड गेली. ‘नसतील म्हनत तरी हाय’ हे वाक्य गेले. शिल्लक राहिला तो मी दुरुस्त केलेला ण, दोन्ही ठिकाणी, अगदी शुद्ध. ज्या कृत्यासाठी एका बाईला फाटकाबाहेर काढले, त्याच कृत्याची तिच्याच शब्दांत जाहिरात करायला माणसाजवळ काय असावे लागते, हे मला अजून कळलेले नाही. मी केतन सरांना विचारले. ते म्हणाले की मजकूर निनावी आहे, त्यामुळे कोणाची हरकत असण्याचा प्रश्न येत नाही. खरेदीदारांनी फलकाचा फोटो काढला. पाहुण्यांसाठी त्या दिवशी सगळ्यांना जेवणघरातच बसवले होते; मंदा समोरच्या बाकावर जेवत होती. तिने डबा मिटला आणि जिन्याखाली गेली. किळस आली की माणसाचे तोंड कसे होते, ते मी शाळेत मुलांना चित्रावरून शिकवत असे. मंदाच्या चेहऱ्यावर मी ते प्रत्यक्ष पाहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होते, ते मला माहीत नाही. मी जागेवर बसून जेवण संपवले.

हिरूताई मला त्यानंतर एकदाच दिसली. आषाढातला रविवार होता. नायगावला खाडीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत माझ्या चुलतभावाची वास्तुशांत होती. अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली भाताची चार खाचरे दिसत होती आणि त्यांत वाकलेल्या बायकांची रांग. एवढ्या उंचीवरूनही एक गोष्ट डोळ्यांत भरली: सगळ्या ओळी सरळ होत्या आणि एक वाकडी. मी प्रसाद घेऊन खाली उतरले आणि बांधापर्यंत गेले.

वाकडी ओळ मंदाची होती. साताऱ्याकडच्या कोरडवाहू गावातली मंदा, आयुष्यात कधी भात न लावलेली, गुडघाभर चिखलात रोपे खोचत होती, आणि तिच्या मागून येणारी हिरूताई एक अक्षर न बोलता तिची रोपे उपटून सरळ लावत होती. रांगेत पॅकिंगमधल्या आणखी तिघी होत्या. आठवड्यातली एकच सुटी त्यांनी तिथे आणली होती.

हिरूताईने मान वर केली. मला पाहून हात कपाळावर नेला, मनगटापर्यंत चिखल.

“बाई, उतरता काय? एक हात कमी हाय.”

मी उतरले नाही. अंगावर वास्तुशांतीची साडी होती. तिने क्षणभर वाट पाहिली आणि पुन्हा वाकली. माझ्या वाट्याची जागा दोन्ही बाजूंच्या बायकांनी सरकून भरून काढली. त्यासाठी कोणी कोणाला काही सांगितलेले मला ऐकू आले नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण मी उत्तरे तपासण्यात एकदा मोठी चूक केलेली आहे, तेव्हा माझ्या सांगण्यावर जाऊ नये. तुम्ही जिथे काम करता, तिथे एखाद्या दिवशी एक जागा रिकामी असेल, किंवा तिच्यावर बसलेल्या माणसाच्याने काम होत नसेल. त्या जागेवरचे काम संध्याकाळपर्यंत कोणी केले, ते कृपया स्वतः पाहा. कोणाला विचारू नका, आणि कुठे लिहून ठेवू नका.